वर्षभराचा पाहुणा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात बेळगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



न्यासाच्या चिटणीसांनी मला बोलावयास सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सेवा या विषयावर काहीही बोला." त्यांच्या त्या ‘काहीही’ या शब्दाचा मी आज जरा जास्तच फायदा घेणार आहे. मी कुत्र्याच्या एका पिल्लाविषयी बोलणार आहे. एका मुसलमान मास्तराने अशा मंगल प्रसंगी कुत्र्याची कथा सांगावी, हे ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. त्यात तुमचा दोष नाही. माझ्या अम्माच्याही गेल्या होत्या. परंतु कथा पुरी ऐकून घ्यावी आणि मगच निवाडा द्यावा, एवढी विनंती आहे.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर इंग्लंडात लेस्टर या शहरी राहावयास गेली. मेहुणे तेथे औषधांच्या दुकानात काम करतात. त्यांना एकच मुलगी. काही वर्षांपूर्वी एका रविवारी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "भाई, आम्ही घरी कुत्र्याचं पिल्लू आणतोय. वर्षभर सांभाळायचं आणि मग परत द्यायचं."

मी शिक्षक आहे. प्रश्न विचारण्याची खोड जात नाही. मी म्हटले, "परत द्यायचंच असेल तर आणता कशाला?"

ती हसली आणि म्हणाली, "तेच तर काम आहे."

माझ्या त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी कळले नाही. ते कळावयास वर्ष लागले. आजचे माझे सारे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

अंध माणसाला वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांविषयी आपण ऐकलेले असते. पण आपल्या रस्त्यांवर ते फारसे दिसत नाहीत, म्हणून थोडी माहिती सांगतो. असे कुत्रे पद्धतशीर शिक्षण देऊन तयार करण्याचे काम पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत सुरू झाले. रणांगणावर डोळे गमावलेल्या शिपायांसाठी डॉ. गेऱ्हार्ट श्टालिंग यांनी १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे पहिली शाळा काढली. पुढे डोरोथी युस्टिस या स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकन बाईंनी जर्मनीतील हे काम पाहिले आणि १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला. नॅशव्हिल गावच्या मॉरिस फ्रँक नावाच्या अंध तरुणाला त्याच्या वडिलांनी तो लेख वाचून दाखविला. तरुणाने बाईंना पत्र घातले आणि १९२८ साली तो एकटा स्वित्झर्लंडला गेला. जाताना बोटीवर त्याला एखाद्या सामानाच्या पेटीसारखे सांभाळण्यात आले. परत आला तो बडी नावाच्या कुत्रीबरोबर, मोकळा हिंडत. न्यूयॉर्कला उतरताच वार्ताहरांनी त्याला वाहनांनी गजबजलेला रस्ता ओलांडून दाखविण्याचे आव्हान दिले, आणि बडीच्या साहाय्याने त्याने तो ओलांडला. पुढच्याच वर्षी, १९२९ साली, अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. इंग्लंडात म्युरिएल क्रुक आणि रोझामंड बाँड या दोन बायकांनी हे काम हाती घेतले, आणि १९३१ साली वॉलसी येथे ज्यूडी, फ्लॅश, फॉली व मेटा अशा पहिल्या चार कुत्र्या तयार झाल्या. चार कुत्र्यांवर उभे राहिलेले ते काम आज फार मोठे झाले आहे.

या कुत्र्यांविषयी एक गैरसमज असतो, तो आधी दूर करतो. आपल्याला वाटते की कुत्रा मालकाला "चला बाजारात" म्हणून घेऊन जातो. तसे नाही. कोठे जावयाचे, कोणत्या कोपऱ्यावर वळावयाचे, हे माणूस ठरवितो. रस्ता केव्हा ओलांडावयाचा हेही वाहनांचा आवाज ऐकून माणूसच ठरवितो; दिव्याचा रंग कुत्रा वाचीत नाही. कुत्र्याचे काम म्हणजे खांब, खड्डा, उभी सायकल, डोक्याला लागेल अशी फांदी यांतून माणसाला सुखरूप नेणे, पायरीशी व पदपथाच्या कडेशी थांबणे. आणि एक काम याहून अवघड. माणूस "पुढे चल" म्हणत असेल आणि समोरून मोटार येत असेल, तर कुत्र्याने हुकूम मोडावयाचा असतो. आज्ञा पाळावयास शिकवणे आम्हा मास्तरांना येते. आज्ञा केव्हा मोडावी हे शिकवणे किती कठीण आहे, ते आमचे आम्हालाच ठाऊक!

आता मूळ मुद्द्यावर येतो. सुरुवातीच्या काळात या संस्था वाढलेली कुत्री मिळवून त्यांना शिकवीत असत. पुष्कळ कुत्री बुद्धिमान असूनही नापास होत. कोणी मोटारीच्या भोंग्याला दचके, कोणी गुळगुळीत फरशीवर पाय टाकावयास भिई, कोणी दुकानात शिरताच बावरे. दोष बुद्धीचा नव्हता. लहानपणी त्यांनी जगच पाहिलेले नव्हते. तेव्हा एक साधी गोष्ट लोकांच्या ध्यानी आली. पट्टा बांधून वाट दाखविण्याचे शिक्षण शाळा देईल, पण जगाची भीती घालविण्याचे शिक्षण घरच देऊ शकते. अमेरिकेत ‘सीइंग आय’ने १९४२ साली फोर-एच या नावाने चालणाऱ्या ग्रामीण मुलांच्या मंडळांकडे पिल्ले वाढवावयास दिली. इंग्लंडात १९५६ साली पिल्ले कुटुंबांत ठेवण्याची योजना सुरू झाली. आज बहुतेक सर्व मोठ्या संस्था याच वाटेने जातात. पिल्लू सुमारे आठ आठवड्यांचे झाले की स्वयंसेवकाच्या घरी येते, आणि वर्ष-सव्वा वर्षाचे झाले की पुढच्या शिक्षणासाठी परत जाते. खाणे, औषधपाणी यांचा खर्च संस्था सोसते. स्वयंसेवकाने द्यावयाचे ते आपले घर आणि आपला वेळ.

बहिणीकडे आली ती काळ्या रंगाची लॅब्रॅडॉर जातीची मादी होती. तेथे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावे एकाच अक्षरावरून ठेवतात. हिच्या भावंडांना ‘ट’ आला होता, म्हणून हिचे नाव टॉफी. माझी भाची मला फोनवरून रोज बातमी देई. एके दिवशी म्हणाली, "मामू, टॉफीनं आज अब्बूंचा बूट खाल्ला." मी म्हटले, "परीक्षेत किती गुण मिळाले?" ती म्हणाली, "अब्बूंना शून्य. बूट खाली ठेवायचा नाही असं बाईंनी सांगितलं होतं."

त्या ‘बाई’ म्हणजे संस्थेची पर्यवेक्षिका. ती अधूनमधून घरी येऊन पाहणी करी, आणि चुकले तर पिल्लाला नव्हे, घरच्यांना शिकवी. मला या गोष्टीचे फार कौतुक वाटले. आपल्याकडे मूल बिघडले की आपण मुलाचे कान धरतो.

काय काय शिकवावयाचे होते, ते थोडक्यात सांगतो. कारण त्यात एक मोठे शहाणपण आहे. जेवण शिट्टी वाजवून द्यावयाचे, म्हणजे पुढे कोठेही असले तरी शिट्टी ऐकताच ते परत येईल. लघवीला व शौचाला ठराविक जागी, ठराविक शब्द ऐकून बसावयाची सवय लावावयाची, कारण पुढे त्याच्या मालकाला घाण दिसणार नाही. रोज कान, दात, पंजे हातात धरून पाहावयाचे, म्हणजे ते परक्या हाताला बुजणार नाही. पलंगावर, सोफ्यावर चढू द्यावयाचे नाही. ताटाजवळ घुटमळू द्यावयाचे नाही. जमिनीवर पडलेला घास उचलू द्यावयाचा नाही. चेंडू फेकून त्याच्या मागे धावण्याचा नाद लावावयाचा नाही. कारण उद्या रस्त्यात एखाद्या पोराचा चेंडू आडवा गेला तर अंध माणसाला फरफटत नेईल. पायाला चिकटून लाचारासारखे चालावयास शिकवावयाचे नाही, किंचित पुढे, एका लयीत चालावयास शिकवावयाचे. कारण पुढे तेच वाट दाखविणार आहे.

आणि जग दाखवावयाचे. बसमध्ये बाकाखाली निजावयास लावावयाचे, आगगाडीत न्यावयाचे, ग्रंथालयात न्यावयाचे, बाजारात न्यावयाचे. लेस्टरात बेलग्रेव्ह रोड नावाचा रस्ता आहे. दुतर्फा आपल्या लोकांची दुकाने, साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची. बहीण टॉफीला घेऊन मिठाईच्या दुकानावरून मुद्दाम जाई. पहिल्या दिवशी टॉफीने चारही पाय रोवून सत्याग्रह केला. महिन्याभराने ती तळणीच्या वासातून मान ताठ ठेवून जाऊ लागली. बहीण म्हणाली, "भाई, मला अजून जमत नाही ते तिला जमलं!" दिवाळीत तेथे दारूकाम होते. त्या रात्री पिल्लाला बाहेर न्यावयाचे नसते. पडदे ओढून, रेडिओ मोठा लावून, घरातल्या सर्वांनी जणू काही घडतच नाही असे जेवावयाचे. आपण भ्यालो नाही तर पिल्लूही भीत नाही. मूल पावसाळ्यात विजेला का भिते आणि का भीत नाही, याचे उत्तर मला त्या एका गोष्टीत सापडले.

या शिकवणुकीचे फळ काय, त्याचे एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले तेव्हा मायकेल हिंगसन हे अंध गृहस्थ ७८व्या मजल्यावर आपल्या कचेरीत होते, आणि त्यांची रोझेल ही लॅब्रॅडॉर कुत्री टेबलाखाली झोपली होती. धूर, जळत्या इंधनाचा वास, घाबरलेली माणसे अशा स्थितीत ती दोघे १,४६३ पायऱ्या उतरून खाली आली. गंमत अशी की हीच रोझेल घरी मेघांच्या गडगडाटाला घाबरत असे; पण कामावर असताना तिने धीर सोडला नाही. ती शिकली कॅलिफोर्नियातील एका संस्थेत. परंतु त्याआधी सँटा बार्बरा येथील एका कुटुंबाने तिला पिल्लूपणी घरी वाढविले होते. त्या दिवशी जिन्यात ते कुटुंब कोठेच नव्हते, तरी त्यांनी लावलेले वळण पायरीपायरीने उतरत होते, असे मला वाटते.

आता अम्माच्या भुवयांकडे येतो. अम्मा फोनवर म्हणाली, "ज्या घरात कुत्रा, त्या घरात मी पाय ठेवणार नाही." ही तिची हट्टाची गोष्ट नव्हती. आमच्यात कुत्र्याची लाळ नापाक मानतात. कपड्याला लागली तर ते धुतल्याखेरीज नमाज होत नाही. बहिणीने हे धाब्यावर बसविले नाही. तिने तेथल्या मौलवीसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "अंधाची गरज ही खरी गरज आहे. नमाजाची जागा आणि कपडे पाक ठेव, मग हरकत नाही." आणि पाहा, संस्थेचा नियमही सोयीचा निघाला. पिल्लाने खालच्या मजल्यावर राहावयाचे, जिन्याला लाकडी फाटक लावावयाचे. नमाज वरच्या मजल्यावर, टॉफी खालच्या. दोघांच्या वाटा कधी आडव्या आल्या नाहीत.

त्याच लेस्टर शहरात २००८ साली एका अंध मुसलमान तरुणाला आपल्या कुत्र्यासह मशिदीत येता यावे, यासाठी शरीयत कौन्सिलने अनुकूल मत दिले, आणि मशिदीने कुत्र्याला थांबण्यासाठी दाराशी वेगळी जागा करून दिली. हे सांगितल्यावर अम्मा काही वेळ गप्प राहिली. मी तिला आठवण करून दिली की गुहेत झोपलेल्या त्या पुण्यवान तरुणांच्या दाराशी बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुरआन शरीफात आहे. आणि तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस तिनेच मला लहानपणी सांगितली होती. तुमच्याही घरी तूप घेऊन कुत्र्यामागे धावणाऱ्या नामदेवांची आणि कुत्र्याला सोडून स्वर्गात न जाणाऱ्या धर्मराजाची गोष्ट आजी सांगतच असे. गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या की मात्र आपण दार लावून घेतो.

अखेर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अम्माला घेऊन लेस्टरला गेलो. टॉफी तेव्हा तेरा महिन्यांची होती, आणि तिच्या परतीला तीन आठवडे उरले होते. अम्मा दिवाणखान्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसे, आणि आपली हातातली काठी स्वतःच्या व कुत्रीच्या मधे आडवी ठेवी. टॉफी त्या काठीपलीकडे निजे. दोघींचा तह झाला होता.

अम्माची एक गोष्ट सांगावयाची राहिली. तिला काचबिंदू आहे. एका डोळ्याची दृष्टी गेलेली आहे, दुसऱ्याची औषधांवर टिकून आहे. बेळगावात ती संध्याकाळनंतर एकटी बाहेर पडत नाही. "अरे, जरा शेजारच्या गल्लीत सोडून येतोस का?" असे ती म्हणते, आणि मी वह्या तपासत असलो तर "थांब थोडी" म्हणतो. ती थांबते. कधी कधी मी विसरतो.

तेथे स्वयंसेवकांचा एक छोटा मेळावा होता. एक उतारवयाचे अंध गृहस्थ आपल्या कुत्र्यासह आले होते. त्यांना कोणी विचारले, "कुत्रा आल्याने तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?" ते म्हणाले की पूर्वी मी दुसऱ्याला सवड होईल तेव्हा बाहेर जात असे, आता मला वाटेल तेव्हा जातो. मग थोडे थांबून म्हणाले, माझी माणसे फार चांगली होती, त्यांनी कधी नाही म्हटले नाही. पण विचारावे तर लागत असे.

मी अम्माला त्याचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितला. ती काही बोलली नाही, आणि मीही बोललो नाही. परंतु "थांब थोडी" हे माझेच दोन शब्द त्या दिवशी मला फार मोठ्याने ऐकू आले.

आणखी एक गोष्ट तेथे कळली. तेथला अंध माणूस कुत्र्यासाठी पन्नास पेन्स देत असे. कुत्रा तयार करण्याचा खर्च त्याच्या कित्येक पटींनी जास्त असतो, तो देणगीदार सोसतात. पण ते नाममात्र नाणे घेत असत ते एवढ्यासाठी की घेणाऱ्याला भीक घेतल्यासारखे वाटू नये. देण्याची रीत कशी असावी, हे आपल्यासारख्या न्यासांनी शिकण्याजोगे आहे.

मग परतीचा दिवस आला. टॉफीचे अंथरूण, तिची वाटी, तिचे निळे जाकीट बहिणीने आदल्या रात्रीच बांधून ठेवले होते. भाची तोंड धुवावयास गेली ती अर्धा तास आलीच नाही. मेहुणे पेपर उलटा धरून वाचीत होते. गाडी आली. टॉफीला काय कळणार? तिला वाटले नेहमीसारखेच फिरावयास जावयाचे आहे. ती उडी मारून गाडीत चढली आणि मागे वळून पाहिलेसुद्धा नाही. बहीण हसत हात हलवीत राहिली. गाडी वळली, आणि ती घाईघाईने आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला.

अम्मा खुर्चीवरच होती. तिने कुत्रीला हात लावला नव्हता, लावणारही नव्हती. पण काठी तिने बाजूला भिंतीशी टेकवून ठेवली होती. ती म्हणाली, "अल्ला तिला चांगल्या घरी नेवो."

आणि मी, शिकलासवरलेला बी.एड. झालेला माणूस, त्या दिवाणखान्यात उभा राहून एकदम तीस वर्षे मागे गेलो.

माझे वडील मी आठवीत असताना वारले. आम्ही खानापूर तालुक्यातले. गावात पुढचे वर्ग नव्हते. बेळगावातील एका निवृत्त मास्तरांनी मला आपल्या घरी ठेवून घेतले. त्यांचे नाव घेत नाही, कारण हयातीत त्यांना ते आवडले नसते. त्यांची जात वेगळी, धर्म वेगळा. काकूंचे सोवळे कडक. त्यांनी सोवळे सोडले नाही आणि मलाही सोडले नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर माझा पाट असे, पण त्या पाटावर पहिले गरम ताट माझे येई. शुक्रवारी नमाजाची वेळ झाली की काकूच आठवण करीत. मास्तर पहाटे उठवून गणिते घालीत. चारचौघांत कसे बोलावे, पाहुण्यासमोर कसे बसावे, अपयश आले तर जेवण टाकू नये, ही सारी शिकवण मला त्या घराने दिली. शाळेने मला विषय शिकविले. भीती त्या घराने घालविली.

पाच वर्षांनी मी पदवीच्या शिक्षणासाठी धारवाडला निघालो. काकूंनी लाडवांचा डबा हातात दिला आणि ‘जा’ म्हणून घाईघाईने आत गेल्या. आत नळ सोडल्याचा आवाज आला. मला वाटले, भांडी घासावयास घेतली असतील. मीही मागे वळून पाहिले नाही. पुढे एक-दोन पत्रे लिहिली, मग नोकरी, संसार. काकू गेल्याचे कळले तेव्हा मी घरी गेलो. तोवर फार उशीर झाला होता. स्वतःची तुलना कुत्र्याच्या पिल्लाशी करतो म्हणून हसू नका. पण त्या नळाच्या आवाजाचा अर्थ मला लेस्टरात कळला.

टॉफीचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. काही महिन्यांनी संस्थेचे पत्र आले. टॉफी वाट दाखविण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली नाही. इतर कुत्री दिसली की तिचे लक्ष विचलित होई, आणि रस्त्यावर तेवढा एक क्षणही महाग पडतो. बहिणीला वाटले, आपणच कमी पडलो. पण पत्र तेथेच संपत नव्हते. दृष्टी अधू असलेल्या मुलांना सोबती म्हणून कुत्रा देण्याची संस्थेची एक योजना आहे. टॉफी एका लहान मुलाच्या घरी गेली. जो मुलगा अंगणात जावयास भिई, तो तिला दाणापाणी देण्यासाठी आपण होऊन बाहेर येऊ लागला. मी बहिणीला म्हटले, "माझ्या वर्गातली सगळीच मुले कुठे पहिल्या वर्गात येतात? पण ज्याला जे जमते त्या जागी तो पोचला, तर मास्तराचे वर्ष फुकट गेले नाही." बहिणीकडे आता दुसरे पिल्लू आहे. त्याने अजून बूट खाल्लेला नाही. अब्बू शहाणे झाले आहेत.

बंधुभगिनींनो, उद्यापासून बेळगावात घरोघर पिल्ले वाढवा, असे सांगावयास मी आलेलो नाही. आपले रस्ते, आपली मोकाट कुत्री, आपले पदपथ पाहता ते काम येथे आज सोपे नाही. आपल्याकडचा अंध बांधव पांढऱ्या काठीवर आणि दुसऱ्याच्या सवडीवर चालतो. पण त्या योजनेचे जे मर्म आहे, ते येथे आणावयास बोटीचे तिकीट लागत नाही. ते मर्म असे की पैशाने इमारत होते, शिष्यवृत्ती होते, पण भीती जात नाही. भीती घालवावयाला कोणाचे तरी घर लागते. आणि दुसरे असे की ज्याला आपण वाढविले त्याला आपल्यापाशी ठेवण्यासाठी वाढविलेले नसते.

आपल्या न्यासाने ५० वर्षांत पुष्कळ दिले. वसतिगृह दिले, पुस्तके दिली, फी दिली. हे सारे करणाऱ्यांना माझा नम्र सलाम. आता सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी पैशाची मागणी करीत नाही. ती करावयास चिटणीस समर्थ आहेत. मी तीन साध्या गोष्टी मागतो.

वसतिगृहातील खेड्यातून आलेल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला रविवारी जेवावयास जाण्यासारखे एक घर असावे. आपल्या वाडवडिलांनी गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवू घातले. ती रीत गेली ती जाऊ द्या. त्यातला मान राखून आठवड्यातला एक वार पुन्हा सुरू करू या, आणि ताट वाढताना जात विचारू नये.

दुसरे, परीक्षेच्या वेळी अंध विद्यार्थ्यांना उत्तरे लिहून देणारा लेखनिक लागतो, आणि तो वेळेवर मिळत नाही म्हणून मुले अडतात. नियमांत बसतील अशा आपल्या घरच्या मुलांची नावे न्यासाने आधीच लिहून ठेवावीत. त्याचबरोबर आठवड्यातून दोन तास अंध मुलाला पुस्तक वाचून दाखवील असा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी असावा.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान आहे. आपापल्या घरात ज्याची दृष्टी, पाय किंवा उमेद थकली आहे, त्याला उद्या "थांब थोडी" म्हणू नका. मी आता म्हणत नाही. संध्याकाळी सहा वाजता वह्या मिटतो आणि अम्माला म्हणतो, "चल, कुठे जायचं?" कोठे जावयाचे ते तीच ठरविते. मी फक्त खड्डे सांभाळतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी ज्या घराने मला वाढविले आणि हसत जाऊ दिले, त्याचे ऋण मी परत करू शकत नाही. काही ऋणे ज्याची त्याला फेडता येत नाहीत. ती पुढच्याला द्यावी लागतात. या वर्षापासून खानापूरकडचा एक मुलगा माझ्या घरी राहावयास आला आहे. तो दहावी होईल आणि जाईल. तो निघेल तेव्हा मागे वळून पाहणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी तयारी ठेवली आहे. आमच्या स्वयंपाकघरातही नळ आहे.